अकरा पाने, तीन वारस: मूळ कॉमिक चित्रांच्या प्रतवारीचे नाशिकमधील एक प्रकरण

जुन्या नाशकात तिवंध्याजवळच्या एका वाड्यात राहणारे आणि १९८० च्या दशकात मुंबईच्या प्रकाशकांसाठी कॉमिकच्या मराठी आवृत्त्यांचे अक्षरलेखन करणारे, म्हणजे फुग्यांतला मजकूर हाताने लिहिणारे, एक गृहस्थ वारले, आणि त्यांच्या पश्चात पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मूळ चित्रांची अकरा पाने निघाली. वारस तिघे: सिडकोत राहणाऱ्या थोरल्या ताई, गंगापूर रोडला राहणारे मधले भाऊ आणि ठाण्याला दिलेली धाकटी बहीण. वाड्याचा हिस्सा, दागिने आणि बँकेतल्या ठेवी यांची वाटणी बिनतक्रार झाली होती. पाने मात्र अडून राहिली, कारण कोणालाच ती विकायची नव्हती आणि तरीही कोणाच्या वाट्याला कमी येऊ नये, अशी तिघांचीही इच्छा होती. विकून पैसे वाटणे सोपे असते. वस्तूच वाटायच्या असतील, तर आधी प्रत्येक वस्तूची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवावी लागते. ते काम माझ्याकडे आले. कुटुंबाच्या विनंतीवरून चित्रकार, मालिका आणि प्रकाशक यांची नावे येथे दिलेली नाहीत. प्रतवारीच्या रीतीत त्याने काही फरक पडत नाही.

मूळ पान म्हणजे छापलेल्या अंकाचे पान नव्हे. चित्रकाराने जाड कागदावर पेन्सिलीने आखलेले, त्यावर त्याने स्वतः किंवा दुसऱ्या कोणी शाई फिरवलेले आणि छपाईसाठी ज्याचा फोटो काढला गेला, ते हे पान. ते छापील पानापेक्षा बरेच मोठे असते. अमेरिकेत १९६७ च्या सुमारापर्यंत ते छपाईच्या साधारण दुप्पट आकारात काढले जाई. त्यानंतर १० × १५ इंचांची चित्रचौकट रूढ झाली. छपाई संपली की या कागदाचा प्रकाशकाला काही उपयोग उरत नसे, आणि म्हणूनच ही पाने फार थोडी टिकली. अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांनीही ती चित्रकारांना परत द्यायला १९७० च्या दशकात सुरुवात केली, आणि हजारो पाने काढणाऱ्या जॅक किर्बी यांना बऱ्याच वादानंतर १९८७ मध्ये त्यांच्या जुन्या कामाचा एक लहान हिस्साच परत मिळाला. आपल्याकडे १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स, १९६७ मध्ये अमर चित्र कथा आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्स सुरू झाल्या. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी या धंद्यासाठी आयुष्यभर पाने काढली. पण पानागणिक मोबदला द्यायचा आणि चित्र ठेवून घ्यायचे, अशीच सर्वसाधारण रीत होती. त्यामुळे एखाद्या अक्षरलेखकाच्या पेटीत एकदम अकरा पाने निघणे ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे.

नाण्याची नजर

मी पाहण्याआधी एक यादी तयार होती. ती थोरल्या ताईंच्या जावयांनी केली होती. त्यांना नाण्यांचा नाद आहे. ज्या जिल्ह्यात अंजनेरीची मुद्राशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे, त्या भागात असा नाद असलेली माणसे सहज भेटतात, आणि त्यांची नजर खरोखर तयार असते. पण ती नजर झिजेवर, ओरखड्यांवर आणि डागांवर तयार झालेली असते. जावयांनी अकराही पाने खिडकीशी नेऊन, काठ तपासून, पाठ तपासून क्रम लावला होता. पहिल्या क्रमांकावर होते कचेरीत समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन माणसांचे पान, कारण त्यावर एकही डाग नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर लॅमिनेशन केलेले रंगीत पान होते. नायकाची इमारतीवरून झेप दाखवणारे पूर्णपान चित्र नवव्या क्रमांकावर गेले होते, कारण खालच्या काठाला पावसाच्या पाण्याची पिवळसर सीमा उमटली होती. आणि सर्वांत शेवटी होते मुखपृष्ठ: वरचा तिसरा हिस्सा कोरा, त्यावर डिंकाचे तपकिरी चट्टे, म्हणजे त्यांच्या हिशेबी अर्धवट राहिलेले चित्र.

माझी यादी जवळजवळ याच्या उलटी झाली, आणि तिच्यामागचे कारण समजावून सांगण्यातच या प्रकरणातला निम्मा वेळ गेला. जावयांचा आक्षेप साधा होता. “सर, माल स्वच्छ असणं ही पहिली अट नको का?” नाण्याच्या बाबतीत ती असतेच. एकाच टांकसाळीतून, एकाच साच्यातून, एकाच वर्षी लाखो नाणी पडतात. सगळ्यांवर चित्र तेच, वजन तेच. मग एकापासून दुसरे वेगळे काढायला त्याच्या अवस्थेवाचून दुसरे साधन उरत नाही. छापील कॉमिकचेही तसेच आहे. अमेरिकेतली सीजीसी ही संस्था छापील अंकांना अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देते, आणि वरच्या टोकाला अर्ध्या गुणाच्याही आतल्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलते. कारण त्याच अंकाच्या आणखी हजारो प्रती जगात असतात आणि ग्राहक त्यांतली उत्तम प्रत शोधत असतो.

मूळ पानाची दुसरी प्रत नसते. “याच पानाची याहून चांगली प्रत मिळेल” अशी आशा कोणाला बाळगता येत नाही, म्हणून अवस्थेचा प्रश्न मागे पडतो आणि पुढे येतो तो वेगळाच प्रश्न: या चित्रकाराने आयुष्यात जेवढी पाने काढली, त्यांत या पानाची जागा कुठे लागते? संग्राहकांच्या बोलण्यात जी ए, बी, सी अशी प्रतवारी असते, ती या जागेची असते. तिला कोणतेही प्रमाणपत्र नसते, सर्वमान्य आकडा नसतो, आणि ती नेहमी सापेक्ष असते. मोठ्या चित्रकाराचे बी पान आणि दुय्यम चित्रकाराचे ए पान यांत श्रेष्ठ कोणते, यावर दोन जाणकारांचे एकमत क्वचितच होते. पण एकाच चित्रकाराची दहा पाने समोर ठेवली, तर त्यांचा क्रम लावताना जाणकारांत आश्चर्य वाटावे इतकी एकवाक्यता असते. आपल्या प्रकरणात पेटीतली सगळी पाने एकाच चित्रकाराच्या नावावर होती, ही म्हणूनच मोठी सोय होती.

जावयांना पटण्यासाठी मी दोन जाहीर लिलावांचे दाखले दिले. एर्जे यांनी १९३६ मध्ये ‘द ब्लू लोटस’ या टिनटिनच्या कथेच्या मुखपृष्ठासाठी केलेले चित्र २०२१ मध्ये पॅरिसला शुल्कासह सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले, आणि त्या चित्रावर कागद घडी घालून ठेवल्याच्या रेषा स्पष्ट दिसतात. घडीची रेषा पडलेले नाणे असते तर त्याची काय गत झाली असती, हे त्यांना सांगावे लागले नाही. दुसरा दाखला २०२२ चा. माइक झेक यांनी १९८४ मध्ये काढलेले ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकाचे पंचविसावे पान ३३,६०,००० डॉलरला गेले. ते मुखपृष्ठ नव्हते, पूर्णपान चित्रही नव्हते. चौकटी पाडलेले आतले पान होते. पण स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाची उत्पत्ती त्या पानावर आहे. त्याआधी आतल्या पानासाठीचा विक्रम होता ६,५७,२५० डॉलरचा, आणि तोही १९७४ च्या ‘हल्क’च्या १८० व्या अंकातल्या ज्या पानावर वुल्व्हरिन प्रथम दिसतो, त्या पानाने २०१४ मध्ये केलेला. गंमत अशी की, टॉड मॅकफार्लेन यांचे स्पायडरमॅनचे एक मुखपृष्ठ २०१२ मध्ये नेमक्या याच रकमेला गेले होते. सर्वसाधारण नियम मुखपृष्ठाला आतल्या पानाच्या कितीतरी वर बसवतो. पण पानावर काय घडते, हा मुद्दा त्या नियमालाही मोडू शकतो.

हे आकडे परदेशातले आहेत आणि ते नाशकातल्या पेटीला लावण्यात काही अर्थ नाही. भारतात अशा पानांच्या जाहीर विक्रीच्या नोंदी इतक्या तुटपुंज्या आहेत की, रुपयांत मूल्यांकन करणे म्हणजे अंदाजाला शिक्का मारणे झाले असते. म्हणून मी रुपये बाजूला ठेवले. नायक पोशाखात आहे, काम नीटस आहे, पण विशेष काही घडत नाही, अशा साध्या चौकटीच्या पानाला एक भाग धरले आणि बाकी प्रत्येक पान त्याच्या किती पट, एवढेच ठरवले. वाटणीला तेवढे पुरते.

एकेक पान

पहिले काम होते अकरापैकी खरोखर मूळ पाने किती, हे पाहण्याचे. लॅमिनेशन केलेले पान सराफ बाजारात मिळणाऱ्या दहापट भिंगाखाली धरताच निकालात निघाले: रंगाच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी होती. ते छपाईचे रंगीत प्रूफ होते. घरातल्या कोणीतरी सगळ्यांत झगझगीत पान म्हणून त्याचेच लॅमिनेशन करून आणले होते, ही कुटुंबाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट म्हणायची, कारण लॅमिनेशन उलटवता येत नाही आणि मूळ पानावर ते झाले असते तर त्या पानाची प्रत कायमची गेली असती. थोरल्या ताई मुखपृष्ठाचेही लॅमिनेशन करून घेणार होत्या. ते टळले.

उरलेल्या दहा पानांची तपासणी मी अंधाऱ्या खोलीत, बॅटरी कागदाला जवळजवळ समांतर धरून केली. असा तिरपा प्रकाश पडला की कागद बोलू लागतो. झेपेच्या पानावर नायकाच्या छातीशी पेन्सिलीच्या दाबाने पडलेली खोल रेघ दिसत होती. ती शाईच्या रेघेशी तंतोतंत जुळत नव्हती, म्हणजे चित्रकाराने खांदा आधी वर काढला होता आणि शाई फिरवताना खाली आणला होता. पाठीमागच्या आकाशाच्या काळ्या भागात तीन ठिकाणी फिकट निळ्या पेन्सिलीच्या फुल्या शाईखालून डोकावत होत्या. जिथे सगळे काळे भरायचे तिथे अशी फुली करण्याची जुनी रीत आहे. कुंचल्याने भरलेला तो काळा भाग सपाट नव्हता. त्यात फटकाऱ्यांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या दिसत होत्या. डाव्या मुठीवर पांढऱ्या रंगाची दुरुस्ती होती आणि ती कागदापासून किंचित उचललेली होती. यांतली एकही गोष्ट छापलेल्या किंवा गिरवलेल्या पानावर सापडत नाही. गिरवणारा माणूस चुकलेला खांदा गिरवत नाही.

जावयांनी या वेळी जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांची बॅटरी पुढे केली. नोटांच्या छापखान्याच्या गावात खरी नोट या उजेडाखाली मंद राहते आणि साधा कागद निळसर उजळतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. तिचा येथे उपयोग नव्हता. कागदाला उजळपणा आणणारी द्रव्ये १९५० च्या सुमारापासून वापरात आहेत. १९८० च्या दशकातले अस्सल पानही उजळू शकते आणि काल केलेले नकली पानही. १९४० चे म्हणून दाखवलेले पान उजळले असते, तर गोष्ट वेगळी.

झेपेच्या पानाला मी चार भाग दिले. पूर्णपान चित्र, नायक डोक्यापासून पायापर्यंत, चेहरा समोर, मजकूर जवळजवळ नाही आणि खाली सही. खालच्या काठाची पाण्याची सीमा नसती तर साडेचार दिले असते. म्हणजे जावयांनी ज्या डागापायी हे पान नवव्या क्रमांकावर टाकले, त्या डागाची माझ्या हिशेबी किंमत अर्धा भाग. डाग मोकळ्या समासात आहे आणि आकृतीला शिवत नाही. तोच डाग चेहऱ्यावर असता तर मी इतका उदार झालो नसतो.

मुखपृष्ठाला सहा भाग. वरची कोरी जागा हा दोष नाही. तिथे मालिकेच्या नावाची पट्टी बसायची, आणि ती वेगळ्या कागदावर चिकटवलेली असे. वर्षानुवर्षांनी तो डिंक वाळतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी चट्टे राहतात. अमेरिकेतही जुन्या मुखपृष्ठांची हीच कथा आहे, आणि तिथले संग्राहक नावाच्या पट्टीची नवी नक्कल करून बसवतात. ती नवी आहे हे उघड सांगितले तर कोणी नाक मुरडत नाही. येथे तर पट्टीचा बटर पेपर पेटीच्या तळाशी घडी घातलेला सापडला. पोस्टर रंगात केलेले हे काम नायक आणि खलनायक दोघांनाही एकाच झटापटीत दाखवते. मागच्या बाजूला चित्रकाराने मृताच्या नावे “सप्रेम भेट” असे लिहून सही आणि तारीख घातली आहे. नावानिशी केलेली अर्पणओळ कधीकधी विक्रीला थोडी आड येते, कारण नव्या मालकाला भिंतीवर परक्याचे नाव नको असते. पण ती मागच्या बाजूला आहे, आणि पान चित्रकाराच्या हातून थेट या घरात आले याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. माझ्या मते तिच्यामुळे प्रत वाढली.

आतल्या पानांत एक पान वेगळे काढावे लागले. कथेचा खलनायक म्हणजे नायकाचा विश्वासातला अधिकारीच, हे ज्या पानावर उघड होते ते हे पान. शेवटच्या मोठ्या चौकटीत मुखवटा उतरलेला चेहरा आहे. मेन रोडच्या रद्दीवाल्याकडून मिळवलेल्या छापील अंकाशी ताडून पाहता, पानाचा खालचा समास कोणीतरी बोटभर कापल्याचे दिसले. कात्री चित्राला लागलेली नाही. त्याला तीन भाग दिले. काप चित्रात घुसला असता तर तो न भरून येणारा तोटा ठरला असता.

झुंजीची दोन पाने प्रत्येकी दीड भागाची ठरली, आणि त्यांतल्या एकामुळे डागापेक्षा गंभीर असा एक दोष सर्वांच्या लक्षात आला. जलरोधक चिनी शाईतला काळा रंग काजळीचा असतो आणि तो उजेडाने उडत नाही. पण घाईच्या दिवसांत चित्रकार मोठे काळे भाग फेल्ट पेनाने भरून टाकत. त्या पेनातला रंग टिकत नाही. या पानावरचा रात्रीचा देखावा आता तपकिरी झाला आहे आणि प्रत्येक काळ्या भागाभोवती जांभळट कड झिरपली आहे. डाग काढता येतो, पिवळेपणा कमी करता येतो, सेलोटेपची चिकटी जाणकाराकडून उतरवून घेता येते. उडालेली शाई परत आणता येत नाही, आणि कोणी वरून नवी शाई फिरवलीच तर ते मूळ पान राहत नाही. जावयांच्या यादीत हे पान तिसरे होते, कारण कागद करकरीत होता. चित्र म्हणून ते दुसऱ्या झुंजीच्या पानापेक्षा सरस आहे. दोन भाग मिळण्याजोगे होते, दीडवर उतरवले.

साधी दोन पाने एकेक भागाची. त्यांविषयी सांगण्याजोगे काही नाही.

आठव्या पानाने थोडी पंचाईत केली. त्यावर नायक आहे, हालचाल आहे, अवस्था उत्तम आहे, तरीही ते बाकीच्या पानांच्या शेजारी ठेवले की मेलेले वाटते. कारण शाईत सापडले. इतर पानांवर कुंचल्याची रेघ जाड-बारीक होत जाते, दंडाच्या वळणावर फुगते आणि मनगटाशी विरते. या पानावर सगळ्या रेघा एकसारख्या जाडीच्या होत्या, जशा रोट्रिंग पेनाने येतात. कान आणि बोटे यांची घडणही वेगळी होती. मुदत जवळ आली की चित्रकाराचे सहायक पाने पुरी करत, हे त्या धंद्यात नवलाचे नव्हते. पेन्सिल बहुधा मुख्य चित्रकाराचीच असावी, पण तिच्यावरची शाई त्याची नाही, आणि शाईखाली गेलेली पेन्सिल भिंतीवर टांगून दिसत नाही. अर्धा भाग. अमेरिकेत कोणी शाई फिरवली यावरून त्याच चित्रकाराच्या पानांत किमतीची मोठी तफावत पडते; आपल्याकडे सहायकांची नावे छापली जात नसल्याने ही गोष्ट केवळ नजरेने ओळखावी लागते.

राहिले कचेरीतल्या दोन माणसांचे स्वच्छ पान. नायक नाही, साध्या वेशातही नाही. सहा चौकटी, सहाही चौकटींत टेबल, चेहरे आणि फुगे. निम्मे पान मजकुराने व्यापलेले. संग्राहकांच्या भाषेत हे नि:संशय सी पान, आणि मी अर्धा भाग दिला. मधल्या भावांनी मात्र यादी पाहताच हेच पान मागितले. फुग्यांतला मजकूर पांढऱ्या पट्ट्यांवर लिहून चिकटवलेला होता, आणि तो मजकूर त्यांच्या वडिलांच्या हाताचा होता. ‘ळ’ची गाठ आणि उद्गारचिन्हाचा फुगीर माथा तिघांनीही पाहताक्षणी ओळखला. दहा पानांत वडिलांचे काम सर्वांत जास्त याच पानावर होते. मला विचारण्यात आले की, यामुळे प्रत वाढते का. वाढत नाही. प्रतवारी ही चित्रकाराच्या कामाची आणि ते मागणाऱ्या बाजाराची असते, घरच्या माणसाला काय जवळचे वाटते याची नसते. उलट या दोन गोष्टींची गल्लत न केल्यामुळेच भावांना हे पान केवळ अर्ध्या भागाच्या बदल्यात मिळाले.

मालकी आणि वाटणी

दहाव्या पानाच्या पाठीवर प्रकाशकाच्या कचेरीचा जांभळा शिक्का होता आणि त्यात “छपाईनंतर परत” एवढे शब्द वाचता येत होते. चित्र चांगले आहे. नुसत्या चित्राकडे पाहिले तर दोन भाग सहज होतील. पण ज्या पानावर परत करण्याची सूचना आहे आणि ते घरात कसे आले याचा कागद नाही, त्याची प्रत लावण्यापेक्षा मालकी ठरवणे आधी आवश्यक असते. बाकीच्या पानांपैकी काहींवर अर्पणओळ आहे आणि काहींच्या पाठीवर अक्षरलेखनाच्या थकलेल्या बिलापोटी पाने दिल्याची चित्रकाराच्या हातची नोंद आहे. या एकावर तसे काही नाही. मी हे पान वाटणीतून वगळण्याचा आग्रह धरला. धाकट्या बहिणीला तो अतिरेक वाटला, आणि चाळीस वर्षांनी कोण विचारायला येणार, हा तिचा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने चूक नव्हता. परंतु एका संशयित पानामुळे सबंध पेटीच्या इतिहासाविषयी शंका घेतली जाते, आणि ती शंका मुखपृष्ठाच्या किमतीतही उतरते. प्रकाशकाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर रजिस्टर पत्र धाडायचे आणि उत्तर येईपर्यंत हे पान तिघांच्या नावे भावांकडे ठेवायचे, असे ठरले.

उरलेल्या नऊ पानांचे एकूण एकोणीस भाग झाले. एकोणिसाचे तीन समान हिस्से होत नाहीत, पण जुळणी बरी झाली. मुखपृष्ठ एकटेच सहा भागांचे. ते धाकट्या बहिणीने घेतले. झेपेचे पान, साधी दोन पाने आणि कचेरीचे पान मिळून साडेसहा, ते भावांकडे. मुखवटा उतरण्याचे पान, झुंजीची दोन आणि सहायकाच्या शाईचे पान मिळून साडेसहा. ते थोरल्या ताईंकडे. मुखपृष्ठ घेणाऱ्याला अर्धा भाग कमी पडतो, म्हणून त्या चित्रावरची बुरशी काढण्याचा आणि चौकटीत बसवण्याचा खर्च इतर दोघांनी करावा, असे ताईंनीच सुचवले. मुखपृष्ठाला सहाऐवजी सात भाग द्यायला हवे होते असे कोणी म्हटले, तर मी फार भांडणार नाही. हे गुणोत्तर माझ्या अनुभवाचे आहे आणि दुसऱ्या जाणकाराचे थोडे वेगळे निघेल. मुखवट्याच्या पानाला मात्र तीनच्या खाली मी येऊ दिले नसते.

जपणुकीच्या सूचना थोडक्यात दिल्या. पीव्हीसीच्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये पाने ठेवायची नाहीत, कारण त्यातून सुटणारी द्रव्ये शाई ओढून घेतात. पॉलिएस्टर फिल्मची पाकिटे आणि आम्लरहित पुठ्ठा वापरायचा. सेलोटेप घरी उपटायचा नाही. नाशकात कोकणाइतकी ओल नसली तरी पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर ही चित्रे टांगू नयेत, आणि कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या पाकिटात टाकू नयेत.

वाटणीपत्रात दोन कलमे माझ्या सांगण्यावरून घातली गेली. पहिले असे की, पुढे कोणी आपल्या वाट्याचे पान विकल्यास ती विक्री इतर दोघांना कळवायची, मात्र झालेला नफा वाटून घ्यायचा नाही. प्रतवारी एकदा मान्य केली की बाजार वर गेला म्हणून ती उकरून काढता येणार नाही. दुसरे कलम प्रताधिकार कायद्याचे. १९५७ च्या या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५३अ नुसार मूळ चित्राची दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुनर्विक्री झाली आणि चित्रकार त्या चित्राच्या प्रताधिकाराचा पहिला मालक असेल, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. प्रकाशकाच्या पगारावर राहून काढलेल्या चित्रांना हे लागू होईल का, हा वकिलाचा प्रश्न आहे, पण विक्रीच्या वेळी तेवढी रक्कम बाजूला ठेवण्याची अट वारसांनी मान्य केली. पत्रासोबत प्रत्येक पानाची दोन छायाचित्रे जोडली आहेत, एक पुढच्या बाजूचे आणि एक पाठीचे, कारण जाणकार ग्राहक पुढची बाजू आवडल्याबरोबर दुसरी मागणी पाठीच्या छायाचित्राचीच करतो.